उकिरड्याचा धनी : प्रस्तावना

मुंबईच्या माटुंगा भागातील कुष्ठधामात १८९७ साली मैल्याच्या टाकीवर वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली आणि पुढे त्या वायूवर इंजिन चालवण्यात आले, ही नोंद जैववायूच्या बहुतेक इतिहासांत एका ओळीत येते आणि त्या ओळीतच संपते. तिच्या दोनच वर्षे आधी इंग्लंडातील एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरून यांच्या सेप्टिक टाकीतील वायूवर रस्त्यातले काही दिवे पेटले होते. तेव्हा या विद्येत आपण जगाच्या फार मागे होतो असे म्हणण्यास निदान त्या घटकेला तरी आधार नव्हता. असे असता, ज्या मुंबईत हा प्रयोग झाला त्याच मुंबईत, १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेत आलेल्या देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीत आग लागावी, तिचा धूर दिवसेंदिवस पूर्व उपनगरांवर रेंगाळावा आणि त्यापायी महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागाव्यात, हे कशामुळे घडले? विद्या होती, यंत्रे होती, पैसाही अगदीच नव्हता असे नाही. प्रस्तुत ग्रंथ हाती आला तेव्हा त्याच्या लेखकांनी या प्रश्नाला बगल दिली आहे की त्याला ते भिडले आहेत, हे मी प्रथम पाहिले. आणि ते भिडले आहेत असे दिसल्यावरच ही प्रस्तावना लिहिण्याचे मान्य केले.

अक्षय ऊर्जा या नावाखाली आज जे विशाल क्षेत्र सामावले आहे, त्यात सूर्य, वारा, वाहते पाणी आणि जैवभार असे चार मोठे प्रांत पडतात. पहिल्या तिघांचा एक गुण असा की इंधन आणून द्यावे लागत नाही. छपरावर पट्ट्या बसवल्या, महावितरणाशी नेट मीटरचा करार झाला, की सूर्य आपले काम विनावेतन करतो. फार तर महिन्या-पंधरा दिवसांनी धूळ पुसावी लागते. २००३ च्या वीज कायद्याने कारखानदाराला स्वतःपुरती वीज निर्माण करण्याचा आणि ती दूरच्या ठिकाणाहून तारांवरून आणण्याचा हक्क दिला, २०१७ पासून शेतीच्या वाहिन्या सौर करण्याची योजना राज्यात सुरू झाली, आणि पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. या प्रांताविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. ग्रंथकारांनी त्याला आवश्यक तेवढीच जागा दिली, हे योग्यच झाले. कारण खरा गुंता चौथ्या प्रांतात, आणि त्यातही त्याच्या त्या भागात आहे जिथे इंधन म्हणजे कोणीतरी टाकून दिलेली वस्तू असते. शेण, मैला, उसाचे पाचट, बगॅस, मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश, मंडईतला भाजीपाला, हॉटेलातले उष्टे, घंटागाडीतला मिश्र कचरा, हे सारे रोज गोळा करावे लागते, निवडावे लागते आणि रोजच्या रोज संपवावे लागते. सूर्याला रजा असते, पण उकिरड्याला नसते.

टाकाऊ पदार्थातून ऊर्जा काढण्याचे मार्ग, सगळे फाटे सोडून दिले तर, दोनच: जाळणे आणि कुजवणे. वाळलेला, उष्मांकाने समृद्ध असा पदार्थ जाळावा, ओला पदार्थ हवाबंद टाकीत कुजवावा. जाळण्याच्या मार्गाला वायूकरणाचा एक उपमार्ग आहे. त्यात अपुऱ्या हवेत पदार्थ तापवून त्याचा ज्वलनशील वायू करतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटावर या पद्धतीने केलेले काम या ग्रंथात यथोचित आदराने आले आहे. कुजवण्याचा मार्ग दिसायला सोपा, परंतु अधिक नाजूक. टाकीत जीवाणूंच्या निरनिराळ्या जाती एकीचे उरलेले दुसरीने खावे अशा रीतीने काम करतात: पहिल्या जाती अन्नाचे तुकडे पाडतात, मधल्या त्याची आम्ले बनवतात, आणि अखेरच्या, ज्या सर्वांत मंदगती व सर्वांत हळव्या असतात, त्या या आम्लांपासून मिथेन तयार करतात. सुमारे ३५ ते ३७ अंश तापमान, जवळजवळ उदासीन आम्लता आणि नत्राच्या वीस ते तीस पट कर्ब, एवढे सांभाळले म्हणजे ५५ ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू मिळत राहतो. लग्नसराईत एखाद्या दिवशी दुप्पट उष्टे आले आणि ते लोभाने एकदम टाकीत ढकलले, तर आम्ल बनवणारे जीवाणू भराभर वाढतात, मिथेनवाल्यांना तेवढी गती नसल्यामुळे आम्ल साचत जाते, टाकी आंबते, बुडबुडे थांबतात आणि आठ-पंधरा दिवस नुसती दुर्गंधी नशिबी येते. पुष्कळ ठिकाणी जे संयंत्र ‘बंद पडले’ म्हणून कागदोपत्री नोंदले जाते, ते खरोखर अजीर्णाने आजारी पडलेले असते आणि त्याला चार दिवस उपास घडवला असता तर ते उठून बसले असते.

भारतातील या विद्येचा दुसरा अध्याय १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांच्या प्रयोगांनी उघडतो. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपीचे जे प्रतिमान सिद्ध केले, ते खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये अंगीकारले आणि ‘गोबरगॅस’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. विटांची विहीर, तिच्यात शेणकाला, वर वायूने वर उचलली जाणारी टोपी: यातले काहीही झाकलेले नव्हते, टोपी किती वर आली आहे हे घरातल्या लहान मुलालाही दिसत असे. दोष एवढाच की लोखंड महाग आणि गंजणारे. म्हणून १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल येथील केंद्राने स्थिर घुमटाचे ‘जनता’ प्रतिमान पुढे आणले, १९८४ मध्ये ‘ॲफप्रो’ या संस्थेने ‘दीनबंधू’ दिले, आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचे पाठबळ लाभल्यामुळे देशभर पन्नास लाखांच्या आसपास संयंत्रे बांधली गेली. या कामात महाराष्ट्र सतत अग्रभागी राहिला.

ही संयंत्रे का चालली, आणि पुढे अनेक का थांबली, याची कारणमीमांसा सरकारी अहवालांत बहुधा ‘देखभालीचा अभाव’ या दोन शब्दांत उरकली जाते. ती पुरेशी नाही. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे असावी लागतात. जनावरे ज्याची, शेण त्याचे, टाकी त्याची, चूल त्याच्या घरची आणि उरलेली स्लरी त्याच्याच शेतात जाणार, असा हा वर्तुळाकार संसार होता. त्यात शेण उचलणारी बाई आणि त्या वायूवर भाकरी भाजणारी बाई बहुधा एकच असे, त्यामुळे आज टाकीत शेणकाला पडला नाही याची शिक्षा उद्या सकाळी चुलीपाशी मिळत असे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मुले पुण्यामुंबईस लागली, सिलिंडर दारात येऊ लागले, तेव्हा हे वर्तुळ एका टोकाला तुटले. टाकीत कोठेही दोष नव्हता. टाकीचा धनी उरला नव्हता.

कोकणात, कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी केलेले काम या इतिहासात बाजूच्या कोनाड्यात पडून राहिले आहे, आणि ग्रंथकारांनी ते मध्यभागी आणून ठेवले याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून या माणसाने अन्नत्याग केला होता. ज्या वर्णव्यवस्थेत मैला एका विशिष्ट जातीच्या डोक्यावर लादला गेला त्या व्यवस्थेचा प्रतिवाद भाषणाने करण्यापेक्षा ते काम स्वतः हाती घेऊन करावा, आणि पुढे ते काम कोणालाच हाताने करावे लागू नये अशी रचना शोधावी, असा त्यांचा क्रम होता. सोनखत, गोपुरी संडास आणि मैल्यापासूनचा वायू ही त्या एकाच विचाराची रूपे. त्यांच्याकडून दीक्षा घेतलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी देहू गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून असताना हाच धागा पुढे नेला. ज्या गावाच्या वारीला लाखो पाय लागतात, त्या गावाच्या वाटा स्वच्छ राहाव्यात म्हणून त्यांनी एकेका घराचा पिच्छा पुरवला, अप्पांच्या ‘मलप्रभा’ संयंत्रात सुधारणा केल्या, आणि संडासातून थेट वायू घेणारी घरे उभी केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांत त्यांची ओळख ‘स्वच्छतादूत’ अशी छापून आली. ऊर्जेच्या क्षेत्रातील मंडळींना ते आपले वाटले नाहीत, यात नवल नाही, पण खेद आहे.

जातीचा हा प्रश्न मी मुद्दाम येथे उपस्थित करतो, कारण टाकाऊतून ऊर्जा या विषयावरची बरीचशी इंग्रजी पुस्तके तो प्रश्नच नसल्यासारखी लिहिलेली असतात. आपल्याकडे कचऱ्याला धनी नसतो याचे एक कारण असे की पिढ्यान्पिढ्या त्याला वेठीचा गडी होता. घराच्या मागील दारी ठेवले की ते नाहीसे होते, हा अनुभव ज्या समाजाच्या अंगवळणी पडला, त्याला ‘ओला-सुका वेगळा करा’ ही विनंती आपल्या दर्जाला उणेपणा आणणारी वाटते. मैला हाताने उचलण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले, तरी टाक्या व गटारे साफ करताना वायूने गुदमरून मृत्यू होण्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. त्या रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि कुजवण्याच्या संयंत्रातही तोच असतो. म्हणूनच ज्या आराखड्यात माणसाला टाकीत उतरावे लागेल तो आराखडा तेवढ्या एका कारणासाठी नामंजूर करावा, असे ग्रंथकारांनी खर्चाच्या तक्त्याच्याही आधी लिहिले आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण, साखर कारखान्याचे. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी. पूर्वी कारखान्यांचे बॉयलर मुद्दाम उधळे ठेवीत, कारण बगॅस संपवणे हीच चिंता होती आणि उरला तर त्याला आग लागण्याचे भय. कमी दाबाची वाफ, तिच्यावर कशीबशी कारखान्यापुरती वीज, आणि बाकीची उष्णता आभाळाला. पुढे जास्त दाबाचे बॉयलर व टर्बाइन आले, वीज मंडळाने ती वीज विकत घेण्याची तजवीज झाली, आणि जो पदार्थ उपद्रव समजला जात होता त्याचा जमाखर्च संचालक मंडळाच्या सभेत मांडला जाऊ लागला. आज महाराष्ट्रातील सहवीजनिर्मितीची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या पुढे आहे. मद्यार्काच्या कारखान्यांतही हेच झाले: एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, तो ओढ्यात सोडला की गावाच्या विहिरी तांबूस होत आणि मोर्चे येत, टाकीत कुजवला की बॉयलरला वायू मिळतो. या परिवर्तनात सहकाराच्या ध्येयवादाचा वाटा किती आणि प्रदूषण मंडळाच्या नोटिसांचा किती, हा वाद मी येथे घालत नाही. निर्विवाद आहे ते एवढेच की टाकाऊ पदार्थ त्याच कुंपणात निर्माण होतो, त्याच कुंपणात खपतो, त्याचा प्रकार रोज बदलत नाही आणि त्याच्या नफ्या-तोट्याचा हिशेब एकाच दप्तरात राहतो. व्यवसायांसाठी हा विषय शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम साखर कारखाना पाहावा, आणि मग आपली दूध डेअरी, आपले कोंबडीपालन, आपली फळप्रक्रिया यांच्याकडे त्या नजरेने पाहावे. गाळप हंगामाबाहेर बॉयलर थंड असतो ही या उदाहरणाची मर्यादा, आणि तिचा विचार न करता वर्षभराच्या विजेची आश्वासने देणाऱ्या दरखास्ती मी पाहिल्या आहेत.

शहराकडे वळले की हा सारा सुबकपणा नाहीसा होतो. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रावर रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज काढण्याचे संयंत्र उभे राहिले आणि तीनच आठवड्यांच्या आसपास चालून थांबले, कारण कचऱ्याचा उष्मांक अपेक्षेच्या निम्माही भरला नाही. ज्या देशात हे यंत्र जन्मले तेथे कचऱ्यात कागद व वेष्टने अधिक, थंडीत घरे तापवायला उष्णतेची गरज आणि कर भरून कचऱ्याचा खर्च सोसणारा नागरिक. येथे भाजीचे देठ, नारळाच्या करवंट्या, झाडलोटीची माती, आणि जे काही जळण्याजोगे होते ते आधीच कोणीतरी वेचून नेलेले. हा ‘कोणीतरी’ कोण, याचे उत्तर पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने दिले आणि पुढे तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. कागद आणि प्लास्टिक हा त्या बायांचा रोजगार. भट्टीच्या मालकाच्या दृष्टीने तेच उत्तम इंधन. जाळण्याच्या प्रकल्पाचा करारनामा करताना ‘रोज इतके टन, इतक्या उष्मांकाचा कचरा पुरवला जाईल’ अशी अट महापालिका मान्य करते, तेव्हा ती नकळत वेचणाऱ्यांच्या टोपलीवर बोजा चढवीत असते, ही गोष्ट ग्रंथकारांनी आकडे मांडून दाखवली आहे.

याचा अर्थ जाळणे सर्वत्र निषिद्ध असा नव्हे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी, ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही आणि ज्याचा उष्मांक किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक आहे, असा कचरा जमिनीत पुरण्यास मनाई केली. त्याला भट्टीखेरीज किंवा सिमेंटच्या भट्टीखेरीज मार्ग थोडेच. दिल्लीतील ओखल्याचे संयंत्र २०१२ पासून रहिवाशांच्या तक्रारी व हरित लवादातील दावे झेलत चालते आहे. पिंपरी-चिंचवडने मोशीच्या डेपोवर उभारलेला १४ मेगावॅटचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला आहे. त्याच्यावर निकाल देण्याइतका काळ अद्याप लोटलेला नाही, आणि या बाबतीत घाईने टाळ्या वाजवणारे व घाईने शिव्या देणारे दोघेही मला सारखेच अविश्वसनीय वाटतात. उलट इंदूरने २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर जैव-सीएनजीचे जे संयंत्र उभे केले, त्याचे रहस्य त्या टाक्यांत शोधणे व्यर्थ आहे. त्या आधीची काही वर्षे शहराने घराघरात कचरा वेगळा करवून घेतला, आणि म्हणूनच तेथे चालक महापालिकेकडून पैसे घेण्याऐवजी महापालिकेला स्वामित्वशुल्क देतो. गोव्यात साळगाव येथे २०१६ पासून चालू असलेल्या केंद्राने किनाऱ्यावरील पर्यटनाचा कचरा पेलण्यासाठी आपली क्षमता रोजच्या १०० टनांवरून पुढे २५० टनांपर्यंत वाढवली, हेही उदाहरण मराठी वाचकाच्या आवाक्यातले म्हणून पाहण्याजोगे.

लहान प्रमाणावरच्या प्रयत्नांत महाराष्ट्राने दोन स्वतंत्र संप्रदाय निर्माण केले, आणि त्यांचे परस्परांशी असलेले मतभेद या ग्रंथातील सर्वांत वाचनीय भाग ठरावेत. पुण्यातील ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचा युक्तिवाद असा की शेण हा जनावराने आपल्याला हवे ते काढून घेतलेला चोथा आहे, मग जीवाणूंना तो कशाला भरवायचा? पीठ, शिळा भात, खरकटे, न खपलेली फळे असे पिष्टमय अन्न थेट द्यावे म्हणजे थोड्या मालात, थोड्या वेळात, प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीएवढ्या जागेत एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. या घरगुती संयंत्राला २००६ चे ॲशडेन पारितोषिक मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत पायरी वेगळी: कचरा आधी दळून, गरम पाण्यात व हवेच्या सान्निध्यात जीवाणूंकडून अर्धवट पचवून घ्यायचा आणि मगच हवाबंद टाकीत सोडायचा, म्हणजे मंडईचा आणि उपाहारगृहांचा संमिश्र मालही चालतो. एक मार्ग स्वयंपाकघराचा, दुसरा वसाहतीचा, आणि दोघांनाही आपले क्षेत्र ओलांडण्याचा मोह पडलेला आहे.

वसाहतीच्या मार्गावरचे एखादे केंद्र सकाळी जाऊन पाहावे. डबे रिकामे होतात त्या टेबलाभोवती हातमोजे घातलेल्या दोन-तीन बाया उभ्या असतात. त्यांच्या हाताखालून स्टीलचे चमचे, चहाच्या पिशव्या, लिंबाच्या साली, केळीचे दांडे, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे सरकत जातात. लिंबाच्या साली अधिक झाल्या तर त्या बाजूला काढतात, कारण टाकी आंबते. कोपरे काढतात, कारण ते दळणाच्या पात्यांत गुंडाळतात. आंब्याच्या कोयी वैशाखात वैताग आणतात. त्या टेबलावरची नजर तिखट असली की मागची टाकी वर्षानुवर्षे चालते. प्रकल्प अहवालात मात्र या टेबलाचा उल्लेख ‘अकुशल मनुष्यबळ’ या रकान्यात असतो, आणि मक्तेदार खर्च कापायला निघाला की पहिली कात्री तेथेच लागते.

या सगळ्या संप्रदायांहून वेगळा आणि त्यांच्या मुळावरच आघात करणारा एक विचार आहे, तो शून्य-कचरावाद्यांचा. कचऱ्याला ऊर्जेची किंमत आली की कचरा कमी करण्याची इच्छा मरते, मोठी भट्टी बांधली की तिची भूक भागवण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे कचरा निर्माण करीत राहावे लागते, असे ते म्हणतात. मोठ्या भट्ट्यांच्या बाबतीत हा आक्षेप मला बव्हंशी खरा वाटतो. ओल्या कचऱ्याच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही; भाजीचे देठ आणि उसाचा चोथा कोणत्याही नीतिशास्त्राने शून्यावर येणार नाहीत. ग्रंथकारांनी हा विचार स्वीकारलेला नाही, तरी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला आहे.

आजच हा ग्रंथ का हवा होता, याची कारणे व्यावहारिक आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांवर, आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींवर, आपला ओला कचरा शक्यतो आपल्या आवारात जिरवण्याची जबाबदारी येऊन पडली. त्या दिवसापासून गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना, मंगल कार्यालयांच्या मालकांना आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना, ज्यांनी या विद्येचे नावही ऐकले नव्हते, विक्रेत्यांची दरपत्रके वाचावी लागत आहेत. पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी यांसारख्या गावांनी शहराचा कचरा आपल्या हद्दीत येऊ देण्यास वारंवार नकार दिला, आणि तो नकार न्याय्य होता. दुसऱ्या बाजूने केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘सतत’ योजनेतून पाच हजार जैव-सीएनजी संयंत्रांचे उद्दिष्ट जाहीर केले. ठरलेल्या मुदतीत त्याचा अल्पांशच उभा राहिला. माल कोण पुरवणार, कोणत्या भावाने, किती वर्षे, आणि पुरवला नाही तर दंड कोणाला, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी नसताना बँका कर्ज देत नाहीत, आणि देऊ नयेत. डेपोच्या ढिगाऱ्यातून हवेत जाणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरतो, हा तर जगाचा प्रश्न झाला. पण मला असे दिसते की ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा सोसायटीचा सचिव जगासाठी टाकी बांधत नाही, दुर्गंधी व दंड टाळण्यासाठी बांधतो, आणि तेवढे कारण पुरेसे सन्माननीय आहे.

अशा वाचकासाठी ग्रंथकारांनी एक वेगळीच मांडणी योजली. तंत्रानुसार प्रकरणे पाडण्याची प्रथा सोडून त्यांनी टाकाऊ पदार्थाच्या धन्यानुसार ती पाडली: ज्याचा माल त्याचीच टाकी, अनेकांचा माल व सामाईक टाकी, आणि कोणाचाच नसलेला माल व सरकारी टाकी. या क्रमाने वाचत गेले म्हणजे यंत्रांची नावे तीच राहून त्यांची भवितव्ये कशी बदलतात हे आपोआप उमगते. मधला वर्ग, म्हणजे मंडई, औद्योगिक वसाहत, दूध संघ, यात्रेचे गाव, हा त्यांनी सर्वाधिक विस्ताराने घेतला आहे. सहकाराची सवय असलेल्या या प्रांतात त्याच वर्गात काही घडण्याची आशा आहे, असे त्यांचे मत मलाही पटते. करारनाम्यांचे मसुदे, रोजच्या नोंदवहीचे नमुने, कोणत्या मालाला किती वायू अपेक्षावा याचे तक्ते हा भाग कोरडा आहे, पण वाचकाने तोच आधी उघडावा. विक्रेत्याने सांगितलेला आकडा या तक्त्याच्या दीडपट असेल तर बोलणी तेथेच तहकूब ठेवावीत.

माझी तक्रार एका ठिकाणी आहे, आणि ती मी लेखकांना कळवली आहे. टाकीतून वायूबरोबर रोज स्लरी बाहेर पडते, आणि मोठ्या संयंत्रात तिचे प्रमाण टँकरांनी मोजावे लागते. तिला शेतकऱ्याने विकत घेतले नाही तर जमाखर्च कोलमडतो आणि ती रात्री कोठेतरी ओतली जाते. सरकारने २०२३ मध्ये अशा खताला टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य देऊ केले, तरी पातळ खत शेतापर्यंत नेण्याचा खर्च, त्यातील नत्राचे प्रमाण दर खेपेला बदलणे, आणि युरियाच्या पोत्याशी असलेली विषम स्पर्धा या अडचणी शिल्लकच आहेत. ग्रंथात या विषयाला मिळालेली पाने फार थोडी आहेत. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याने, नारायणगावच्या टोमॅटोवाल्याने ती स्लरी कोणत्या भावाने घेतली किंवा का नाकारली, याची चौकशी करून दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरण घालण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तोवर ज्यांना संयंत्र बांधायचे आहे त्यांनी टाकीच्या जागेचा करार करण्यापूर्वी आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांतील शेतकऱ्यांकडे स्वतः जाऊन यावे.